स्वभावाला औषध नाही?

(कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'माणसाच्या व्यक्तिमत्त्वाची प्रमुख अंगे' असा छापला आहे. काल रात्री जेवताना तुमच्यापैकी एकीनं मला विचारलं, "ताई, उद्या कॉलेजातला तास घेणार का आमचा?" तिची शंका रास्त आहे. पण थोडा विचार करा. आपल्या सल्ला केंद्रात रोज सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द कानावर येतो? मारहाण नाही, पोटगी नाही, घटस्फोटही नाही. तो शब्द आहे 'स्वभाव'.

नवरा मारतो, तर सासू सांगते, "त्याचा स्वभावच तापट आहे हो, मनानं वाईट नाही." बाई पोलीस चौकीत जाते, तर तिथले हवालदार सांगतात, "बाई, तुम्ही जरा स्वभाव बदला, सांभाळून घ्या." म्हण एकच आहे, 'स्वभावाला औषध नाही'. पण ती लागू फक्त एकालाच होते. त्याचा स्वभाव म्हणजे दगडावरची रेघ आणि तिचा स्वभाव म्हणजे पाटीवरची. त्याचा बदलत नाही म्हणून तिनं सोसायचं, आणि तिचा बदलता येतो म्हणूनही तिनंच सोसायचं. तेव्हा हा स्वभाव म्हणजे आहे तरी काय, हे आपण नीट समजून घेतलं नाही, तर उद्या तोच शब्द आपल्याच हातून एखाद्या बाईच्या विरोधात वापरला जाईल.

माझ्या हातून तो वापरला गेला आहे. आधी ते सांगते.

एम.एस.डब्ल्यू. होऊन मी केंद्रात लागले, त्याचं दुसरं वर्ष होतं. एक बाई यायच्या. त्यांना घरात मारहाण होत होती आणि नवऱ्याबरोबर संयुक्त बैठक ठरली होती. बैठकीत नवरा खाली मान घालून, हात जोडून बोलत होता. बाई मात्र मोठ्यानं बोलल्या, टेबलावर हात आपटला आणि तडजोडीच्या कागदावर सही न करता निघून गेल्या. दिवसभराच्या पाचसहा बैठकांनी मी दमले होते. केसपेपरवर मी लिहिलं, 'अर्जदार स्त्री स्वभावाने चिडकी व हट्टी आहे. पती शांत व समजूतदार वाटतात.' दोन ओळी. लिहायला अर्धा मिनिटसुद्धा लागलं नसेल.

पुढे दीड-दोन वर्षांनी मुलाच्या ताब्याचं प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टानं केंद्राचे कागद मागवले. नवऱ्याच्या वकिलांनी माझ्या त्या दोन ओळी उभं राहून वाचल्या. स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेनंच असं लिहिलंय, असंही वर म्हणाले. बाहेर आल्यावर बाई माझ्यावर रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ताई, त्या बैठकीच्या आधी आठ दिवस माझा धाकटा त्यांनी बहिणीकडे नेऊन ठेवला होता. मी तुम्हाला सांगितलं होतं."

त्यांनी सांगितलं होतं हे खरं आहे. त्याच केसपेपरच्या मागच्या पानावर, कोपऱ्यात, माझ्याच अक्षरात ते आहे. पण मुलगा तोडून नेला ही माझ्या लेखी 'माहिती' झाली आणि त्या चिडल्या हा 'स्वभाव' झाला. मानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते. तरी असं झालं. म्हणून तो धडा आज तुमच्याबरोबर पुन्हा गिरवते आहे.

आपल्याकडे माणसांचे प्रकार पाडायची पद्धत जुनी आहे. सत्त्व, रज, तम आहेत, आयुर्वेदातले वात, पित्त, कफ आहेत. आधुनिक मानसशास्त्रानं वेगळी वाट धरली. त्यांनी प्रकार पाडण्याऐवजी शब्द गोळा केले. माणसामाणसांतले जे फरक लोकांना महत्त्वाचे वाटतात, त्यांना भाषेत शब्द असणारच, हा त्यामागचा विचार. 1936 मध्ये ऑलपोर्ट आणि ऑडबर्ट या दोघांनी इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचं वर्णन करणारे सुमारे अठरा हजार शब्द काढले. त्यांतले साडेचार हजारांच्या आसपास शब्द टिकाऊ स्वभावाबद्दलचे होते. पुढे कॅटेल यांनी गणिताच्या आधारानं, जे शब्द एकत्र येतात त्यांचे गट केले आणि सोळा घटक मांडले. 1961 मध्ये अमेरिकन हवाई दलासाठी काम करणाऱ्या ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना पाचच मोठे गट सापडले. 1980 नंतर गोल्डबर्ग, कोस्टा, मॅक्रे यांच्या कामातून ही पाच अंगं सर्वत्र पोचली. आज व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासात सर्वाधिक वापर याच पाचांचा होतो.

ही पाच अंगं म्हणजे पाच कप्पे नव्हेत. पाच पट्ट्या समजा, शिवणकामात वापरतो तशा. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठे ना कुठे असतोच आणि बहुतेक सगळे मधल्या भागात असतात. अगदी टोकाला फार थोडे.

पहिली पट्टी बहिर्मुखतेची. काहींना माणसांत गेल्यावर तरतरी येते, मोर्च्यात घोषणा द्यायला त्या पुढे असतात. काहींना चार माणसांत बोललं की थकवा येतो, पण त्याच रात्री बसून पत्रकाचा चोख मसुदा लिहितात. अंतर्मुख असणं म्हणजे लाजाळू किंवा भित्रं असणं नव्हे.

दुसरी पट्टी आपुलकीची, जुळवून घेण्याची. एका टोकाला चटकन विश्वास टाकणाऱ्या, दुसऱ्याचं आधी बघणाऱ्या. दुसऱ्या टोकाला परखड, शंका घेणाऱ्या, वाद घालायला न कचरणाऱ्या.

तिसरी नेटकेपणाची आणि जबाबदारीची. हिशेबाच्या पावत्या तारखेवार लावून ठेवणारी एक, आणि पावती पर्समध्येच राहिली असं सांगणारी दुसरी. दुसरीला हसू नका, ऐनवेळी कार्यक्रम बदलावा लागला तर बहुधा तीच आधी सावरते.

चौथी नव्याच्या ओढीची. नवं पुस्तक, नवी कल्पना, न चाखलेला पदार्थ यांचं कुणाला आकर्षण वाटतं, तर कुणाला ओळखीच्या वाटेवरच बरं वाटतं.

पाचव्या पट्टीला पुस्तकांत 'भावनिक अस्थिरता' म्हणतात. हा शब्द मला आवडत नाही, कारण त्यात आधीच निकाल लागलेला आहे. सरळ सांगायचं तर मनाला किती लवकर लागतं, काळजी, भीती, राग, उदासी किती लवकर दाटून येते आणि किती वेळ टिकते, याची ही पट्टी. ती जास्त असणं हा आजार नाही. अशा बायकांना घरातला बदललेला वारा फार आधी कळतो.

हा स्वभाव येतो कुठून? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून असं दिसतं की माणसामाणसांतल्या या फरकांचा साधारण निम्मा भाग, कुठे थोडा कमी, अनुवंशाशी निगडित आहे. उरलेला आयुष्यातून येतो. आणि स्वभाव दगडावरची रेघ नसतो. वय वाढतं तशी बहुतेक माणसं सरासरीनं थोडी अधिक जबाबदार आणि सौम्य होतात. चांगलं समुपदेशन, उपचार मिळाले तर पाचव्या पट्टीवरचा ताण कमी होतो, असंही अभ्यास सांगतात. म्हणजे स्वभावाला अगदीच औषध नाही असं नाही. पण ते हळूहळू लागू पडतं, आणि ज्याचं त्यानं घ्यावं लागतं. सासूनं सुनेच्या घशात ओतून चालत नाही.

आता या पट्ट्या हातात घेऊन काम करताना कुठे पाय घसरतो, ते पाहू.

पहिली गोष्ट. ही अंगं माणसाचा अनेक दिवसांचा, अनेक ठिकाणचा कल सांगतात. एका दिवशी, एका खोलीत माणूस काय करील हे त्यावरून फारसं कळत नाही. 1968 मध्ये वॉल्टर मिशेल यांनी एक पुस्तक लिहून हाच मुद्दा ठासून मांडला की परिस्थिती बदलली की माणसाचं वागणंही बरंच बदलतं. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाला. त्यातून निघालं ते असं की दोन्हीत तथ्य आहे. कल असतो, पण तो अनेक प्रसंगांच्या सरासरीत दिसतो. मी मात्र त्या बाईंना पाऊण तास पाहिलं होतं, तेही मूल तोडून नेल्यानंतर आठव्या दिवशी, आणि ते नेणारा माणूस समोर बसलेला असताना. त्या वेळी कोणती आई शांत बसली असती?

दुसरी गोष्ट. हे मोजमाप बहुतेक वेळा प्रश्नावलीनं होतं. 'मला लवकर काळजी वाटते', 'माझं मन चटकन उदास होतं', अशा धर्तीची विधानं असतात आणि ती किती लागू पडतात हे स्वतःच सांगायचं असतं. आता वर्षानुवर्षं मार खाणारी, रात्री दाराची कडी वाजली की दचकणारी बाई यावर काय खूण करील? तिचे आकडे जास्तच येणार. ते तिच्या घरातल्या भीतीचं माप असतं, आणि वाचणारा ते तिच्या जन्मजात स्वभावाचं माप समजतो. आमच्याकडे आलेल्या एका प्रकरणात नवऱ्यानं असाच एक अहवाल पुढे करून बायको मूल सांभाळायला लायक नाही, असं म्हटलं होतं. त्यात तिच्या अंगावरच्या जखमांचा उल्लेखही नव्हता. असा कागद समोर आला तर घाबरून जाऊ नका. तीन प्रश्न विचारा. चाचणी कधी घेतली? त्या वेळी ती कुठे आणि कुणाबरोबर राहत होती? आणि तिला भाषा नीट कळत होती का?

तिसरी गोष्ट. ही पट्टी प्रथम इंग्रजी शब्दांवरून आणि अमेरिकेतल्या माणसांवरून तयार झाली. अनेक देशांत ती बऱ्यापैकी जुळली. पण 2013 मध्ये बोलिव्हियातल्या त्सिमाने या शेती आणि शिकार करणाऱ्या समाजात ती लावून पाहिली, तेव्हा पाच वेगळी अंगं काही नीट दिसली नाहीत. म्हणून आपल्या वस्तीतल्या, तांड्यावरच्या बाईला परक्या भाषेतून उतरवलेली प्रश्नावली देऊन लगेच शिक्का मारायचा नाही.

चौथी गोष्ट बायकांची. अनेक देशांतल्या अभ्यासांत बायकांचे सरासरी आकडे आपुलकीच्या आणि मनाला लागण्याच्या पट्टीवर पुरुषांपेक्षा काहीसे जास्त येतात. हे ऐकलं की काहीजण लगेच म्हणतात, पाहा, बाईची जातच हळवी. पण हा फरक सरासरीचा आहे. स्त्री-पुरुषांचे आकडे एकमेकांत एवढे मिसळलेले असतात की समोरच्या एका बाईबद्दल त्यावरून काहीही सांगता येत नाही. फरकाची कारणं काय यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आपण आपल्या घरात पाहिलेलं सांगू शकतो. मुलगी तीन वर्षांची झाली की आपण तिला सांगतो, भावाला दे, हळू हस, उलट बोलू नको. वीस वर्षं ही तालीम द्यायची आणि एकविसाव्या वर्षी म्हणायचं, सोशिकपणा हा हिचा स्वभावच आहे.

बाई कशी आहे हे आधी विचारायचं आणि तिच्यावर काय झालं ते नंतर, ही रीत आपल्या चळवळीनं जवळून पाहिली आहे. 1972 मध्ये त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस चौकीत मथुरेवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयानं तिला शरीरसंबंधांची सवय आहे असं म्हणून आरोपींना सोडलं. उच्च न्यायालयानं शिक्षा दिली, पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना पुन्हा सोडून दिलं. 1979 मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. तरीही बलात्काराच्या खटल्यात बाई 'सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची' आहे असं दाखवायची मुभा देणारं कलम पुराव्याच्या कायद्यात राहिलंच होतं. ते 2002 च्या दुरुस्ती कायद्यानं निघालं. कलम निघालं, पण बोलण्यातली आणि केसपेपरवरची सवय अजून निघायची आहे.

आता त्या तापट नवऱ्याकडे वळू. तापटपणा हा स्वभाव असू शकतो, मी नाही म्हणत नाही. कुणाला राग लवकर येतो, कुणाला उशिरा. पण राग येणं आणि हात उचलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संयुक्त बैठकीत मी आता सरळ विचारते, "साहेब ओरडले तर तुम्हाला राग येतो का?" उत्तर येतं, "येतो की." "मग त्यांना मारता का?" यावर गप्प. मालकासमोर, पोलिसासमोर, आपल्यापेक्षा दांडग्या माणसासमोर ज्याचा तापटपणा आवरतो, त्याला आवरता येतो हे त्यानंच सिद्ध केलेलं असतं. तो घरात आवरत नाही, कारण घरात आवरण्याची गरज त्याला कधी कुणी दाखवली नाही. ही बाब स्वभावाची नाही, सत्तेची आहे. आणि उलटही लक्षात ठेवा. कधी आवाज न चढवणारा, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस बायकोचा पगार काढून घेतो, तिला माहेरी फोन करू देत नाही. त्याच्या शांतपणाचा दाखला मीच लिहून दिला होता.

या बाबतीत कायदा आपल्यापेक्षा शहाणा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा 2005 चा कायदा शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक छळाबद्दल बोलतो. संरक्षण अधिकारी जो घटना अहवाल भरतात, त्यात हिंसेची तारीख, वेळ, ठिकाण आणि ती करणारी व्यक्ती यांचे रकाने आहेत. 'स्वभाव' असा रकाना त्यात नाही. शिवाय 2006 च्या नियमांत असं स्पष्ट म्हटलं आहे की समुपदेशनात प्रतिवादीला आपल्या हिंसेचं समर्थन करू द्यायचं नाही, आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं. 'माझा स्वभावच तसा' हे समर्थनच आहे. हा नियम प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावावा, अशी माझी विनंती आहे.

मग केसपेपर कसा लिहायचा? विशेषणं काढून क्रियापदं लिहायची. 'हट्टी आहे' असं न लिहिता 'तडजोडीच्या कागदावर सही करण्यास नकार दिला. मूल परत मिळाल्याशिवाय सही करणार नाही असे सांगितले' असं लिहा. 'चिडकी आहे' ऐवजी 'बैठकीत मोठ्याने बोलल्या. आठ दिवसांपूर्वी धाकट्या मुलाला त्यांच्यापासून दूर ठेवल्याचे सांगितले' असं. 'पती समजूतदार' असं लिहायचंच नाही. 'पतीने मारहाण नाकारली नाही, पुन्हा करणार नाही असे म्हणाले' असं लिहा. लिहिताना जे डोळ्यांनी पाहिलं ते वेगळं, जे सांगितलं गेलं ते वेगळं, आणि आपल्याला वाटलं ते शक्यतो लिहायचंच नाही.

मग या पाच पट्ट्या काय फेकून द्यायच्या? नाही. त्या आपल्याच घरात, म्हणजे संघटनेत, फार उपयोगी पडतात. आपल्या बैठकांतली निम्मी भांडणं विचारांची नसतात. परखड बोलणारीला आपण 'भांडकुदळ' ठरवतो, गप्प बसणारीला 'बांधिलकी नाही' म्हणतो, वारंवार काळजी करणारीला 'घाबरट'. आमच्याकडे एक जुन्या कार्यकर्त्या आहेत. बैठकीत तासभर बोलत नाहीत. आम्ही त्यांना कित्येक वर्षं बोलायला लावायचा प्रयत्न केला, भाषणं करायला उभं केलं, त्या अवघडून जायच्या. आता आम्ही कार्यक्रमपत्रिका दोन दिवस आधी पाठवतो आणि त्यांचं म्हणणं त्या लिहून आणतात. सर्वांत नेमके मुद्दे त्यांचेच असतात. बदलायला हवी होती ती आमची बैठक, त्यांचा स्वभाव नव्हे. आणि ज्या बाईंना 'नाही' म्हणणं जमत नाही, त्यांच्याकडे आपण किती कामं ढकलतो, तेही एकदा मोजा. घरात सोशिकपणाचा जसा फायदा घेतला जातो, तसा तो संघटनेतही घेतला जातो.

त्या बाईंच्या प्रकरणात माझ्या दोन ओळींमुळेच सगळं अडलं, असं मी म्हणणार नाही. पण तात्पुरता ताबा वडिलांकडे गेला आणि त्यांना मूल परत मिळायला आणखी चौदा महिने गेले. मी कोर्टात जाऊन, मूल नेल्याची नोंद मागच्या पानावर आहे आणि माझा शेरा त्याकडे दुर्लक्ष करून लिहिला गेला, असं सांगितलं. ते सांगताना लाज वाटली. त्या चौदा महिन्यांपुढे ती काहीच नव्हती.

आता जेवणाच्या सुट्टीनंतर आपण गटांत बसणार आहोत. प्रत्येक केंद्रानं आपले पाच जुने केसपेपर आणले आहेत. नावं झाका आणि त्यांत बाईच्या स्वभावाबद्दलचा प्रत्येक शब्द खाली रेघ मारून काढा. शेजारी लिहा की त्या दिवशी प्रत्यक्षात काय घडलं होतं. जिथे ते लिहिता येणार नाही, तिथे ती ओळ आपण कशाच्या आधारावर लिहिली, हे एकमेकींना विचारा. माझा केसपेपर मी आणला आहे. पहिली रेघ त्यावर मारू.